सर्वांत गरीब मुलाला सर्वांत कमी
बालदारिद्र्याचे अर्थकारण : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण दारिद्र्यरेषा कशी आखली जाते ते पाहिले. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनातील मॉली ओरशान्स्की यांनी १९६०च्या दशकात किमान अन्नखर्चाची तिप्पट धरून तिथली रेषा बसवली. त्या रेषेच्या हिशेबात करातून मिळणारा परतावा येतच नाही. म्हणून पुढे ‘पूरक मापन’ आले. त्यात कर आणि औषधोपचाराचा खर्च वजा होतो, परतावा आणि अन्नासाठीची मदत जमा धरली जाते. आजच्या लेखातले बालदारिद्र्याचे टक्के या पूरक मापनाचे आहेत.

आजचा प्रश्न असा : करव्यवस्थेतून पैसे देऊन मुलांचे दारिद्र्य हटवता येते का? अमेरिकेने २०२१मध्ये ते करून दाखवले आणि वर्षभरात सोडूनही दिले.

मेख कुठे आहे?

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणाऱ्यांना ‘८० सी’ची वजावट परिचयाची आहे. वजावटीमुळे करपात्र उत्पन्न घटते. टॅक्स क्रेडिट मात्र थेट कराच्या रकमेतून कापले जाते. हजार डॉलर कर असेल आणि हजाराचे क्रेडिट असेल, तर देणे शून्य. पण ज्याचे उत्पन्न इतके कमी की करच लागत नाही, त्याचे काय? क्रेडिट परताव्याचे असेल, तर सरकार ती रक्कम त्याच्या खात्यात भरते. तसे नसेल, तर त्याच्या हाती काहीच पडत नाही.

अमेरिकेत मुलांसाठीचे ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ १९९७च्या कायद्याने आले. सुरुवातीला ते दर मुलामागे ४०० डॉलर होते. पुढे रक्कम वाढत गेली, परताव्याचा काही भागही जोडला गेला. २०१७च्या कायद्याने ते २,००० डॉलरवर नेले, पण परताव्याला दोन अटी ठेवल्या. एक, दर मुलामागे परतावा सुरुवातीला १,४०० डॉलरपर्यंतच. दोन, कमाईच्या पहिल्या २,५०० डॉलरवर काहीच नाही आणि त्यापुढच्या कमाईच्या १५ टक्क्यांपुरताच परतावा.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. चार आणि आठ वर्षांच्या दोन मुलांना एकटीने वाढवणारी आई वर्षाला १२,५०० डॉलर कमावते. २,५०० वजा जाता उरले १०,०००. त्याचे १५ टक्के म्हणजे १,५०० डॉलर. दोन्ही मुलांचे मिळून एवढेच. ४ लाख डॉलर कमावणाऱ्या दांपत्याला मात्र दोन मुलांचे पूर्ण ४,००० डॉलर. आणि त्या आईची नोकरी गेली, वर्षभर कमाईच झाली नाही, तर शून्य. गरज जितकी मोठी, तितकी मदत लहान.

२०२१चे वर्ष

मार्च २०२१मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’वर सही केली आणि ही रचना एका वर्षापुरती बदलली. सहा वर्षांखालील मुलाला ३,६०० डॉलर आणि ६ ते १७ वयाच्या मुलाला ३,०००. कमाईची अट गेली आणि संपूर्ण रक्कम परताव्याची झाली. त्या आईला १,५००ऐवजी ६,६०० डॉलर मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा आगाऊ देण्यात आली : लहान मुलामागे ३०० आणि मोठ्यामागे २५० डॉलर. घरभाडे महिन्याला भरावे लागते, दूध रोज आणावे लागते. अशा घराला वर्षातून एकदा येणाऱ्या परताव्यापेक्षा महिन्याच्या रकमेचा आधार मोठा असतो. जनगणना विभागाच्या पाहण्यांत कुटुंबांनी खर्च सांगितला तो अन्न, कपडे, शाळेच्या वस्तू, भाडे आणि वीजबिल यांवर झालेला.

बालदारिद्र्य २०२०मध्ये ९.७ टक्के होते. ते २०२१मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. त्या वर्षी करोना मदतीचे इतर धनादेशही मिळाले होते, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या क्रेडिटला देता येणार नाही. तरीही जनगणना विभागाच्या हिशेबाने या क्रेडिटमुळे २९ लाख मुले दारिद्र्यरेषेच्या वर आली. उणीव एकच, पण मोठी होती. अत्यंत गरीब कुटुंबे विवरणपत्र भरतच नाहीत. त्यामुळे ती करखात्याच्या नोंदीत नव्हती आणि त्यांतली कित्येक मदतीला मुकली.

आक्षेप आणि उत्तर

मुदतवाढीचे विधेयक नोव्हेंबर २०२१मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये सिनेटर जो मँचिन यांच्या विरोधाने अडले. कामाच्या अटीशिवाय पैसे देऊ नयेत, ही त्यांची भूमिका. शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी तर ही योजना कायम झाल्यास सुमारे १५ लाख पालक काम सोडतील, असा अंदाज मांडला होता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्या सहा महिन्यांचा अभ्यास करणाऱ्या अनेक संशोधकांना पालकांच्या रोजगारात लक्षणीय घट आढळली नाही. सहा महिन्यांवरून कायमचा निष्कर्ष निघत नाही हे खरे. म्हणूनच पुढील लेखांकात आपण कॅनडाकडे वळू. तिथे २०१६पासून अशीच मासिक मदत कामाच्या अटीशिवाय दिली जाते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. विस्ताराचा खर्च वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर जात होता. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१९च्या अहवालाने बालदारिद्र्याची देशाला बसणारी किंमत वर्षाला ८०० अब्ज ते १,१०० अब्ज डॉलर इतकी काढली आहे. आजारपण, गुन्हेगारी आणि मोठेपणी घटलेली कमाई हे सारे त्यात येते. मुलांवरचा खर्च टाळला, तरी बिल चुकत नाही.

मुदत संपली आणि २०२२मध्ये बालदारिद्र्य १२.४ टक्क्यांवर गेले. एका वर्षात ५० लाखांहून अधिक मुले रेषेखाली ढकलली गेली. २०२५च्या कायद्याने क्रेडिट २,२०० डॉलर केले, पण २,५०० डॉलरची पायरी आणि १५ टक्क्यांचा नियम तसाच ठेवला. वर उल्लेखलेल्या आईला आजही १,५०० डॉलरच मिळतात. श्रीमंत दांपत्याचे मात्र ४,०००चे ४,४०० झाले.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हे क्रेडिट ठाऊक आहे. तिथे जन्मलेल्या मुलाला ते मिळते; एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर गेलेल्या त्याच्या भावंडाला सोशल सिक्युरिटी क्रमांक नसल्याने मिळत नाही. या घरांतले जे आता तिथले नागरिक आणि मतदार आहेत, त्यांना एक विनंती. क्रेडिट वाढवण्याची घोषणा ऐकाल, तेव्हा आपल्या प्रतिनिधीला एवढेच विचारा : वाढलेल्या रकमेतले किती डॉलर शून्य कमाईच्या घरातल्या मुलापर्यंत पोहोचणार? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर त्या वाढीने बालदारिद्र्य हटणार नाही.