गुरुबंधूंनी राखलेले घर

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर उतरले, की पलूस तिथून जवळच. आज लोक या गावाला द्राक्षांमुळे ओळखतात. आमच्या घरात मात्र त्याचे नाव आले ते गाण्याच्या परीक्षेच्या निमित्ताने. धाकटी मुलगी पुस्तकातला एक फोटो दाखवून म्हणाली, "बाबा, पलुस्कर म्हणजे पलूसचेच ना? मग यांनी शाळा लाहोरला कशी काढली?"

प्रश्न रास्त होता. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे घराणे मूळचे पलूसचे. त्यांचा जन्म मात्र १८७२ साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे गेल्यासारखेच झाले, तेव्हा वडिलांनी मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवले. गाणे शिकून हा तरुण थेट उत्तरेस गेला आणि ५ मे १९०१ रोजी त्याने लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या पदरी न राहता, लोकांच्या वर्गणीवर चालणारी ही गाण्याची शाळा! १९०८ साली मुंबईतही विद्यालय निघाले. तिथे शिष्यांना घरच्यासारखे ठेवून घेत. पण इमारतीचे कर्ज फिटेना. अखेर ती लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पंडितजींनी देह ठेवला, तेव्हा मागे उरला तो दहा वर्षांचा दत्तात्रेय आणि देशभर पांगलेले शिष्य.

अशा वेळी पुढे काय होते, ते आपण सारेच जाणतो. तेरा दिवस मंडळी जमतात, आठवणी काढतात, डोळे पुसतात आणि चौदाव्या दिवशी जो तो आपापल्या गाडीला लागतो.

इथे तसे झाले नाही. त्याच वर्षी हे गुरुबंधू अहमदाबादेत जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. वास्तविक प्रत्येकाचा संसार वेगळा, गाव वेगळे. नारायणराव खरे गांधीजींच्या आश्रमात गाणे शिकवीत. बा. र. देवधरांची शाळा मुंबईत. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारसच्या हिंदू विद्यापीठात गेले. विनायकबुवा पटवर्धन तर गंधर्व नाटक मंडळीत नायकाची कामे करीत होते; ती रंगभूमी सोडून १९३२ साली त्यांनी पुण्यात विद्यालय काढले. गाण्याचा ढंगही एकाचा दुसऱ्यासारखा नाही. तरीही गुरूंचे काम थांबू द्यायचे नाही, याबाबत दुमत नव्हते. प्रवेशिका, विशारद या परीक्षा गावोगावी पोचल्या त्या अशा दूरदूर राहणाऱ्या माणसांच्या एकोप्यातून. १९४७ पासून 'संगीत कला विहार' हे मासिक निघू लागले. देवधरांनी त्याचे संपादन केले आणि लांबच्या गुरुबंधूंना एकमेकांशी बोलायला जणू एक ओसरी मिळाली.

आणि तो दहा वर्षांचा पोरका मुलगा? विनायकबुवा आणि नारायणराव व्यास यांनी त्याला तालीम दिली. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, तो पार जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळाव्यात गायला. पुढे 'बैजू बावरा' या १९५२ च्या चित्रपटात अमीरखाँसाहेबांबरोबर त्याचा आवाज घरोघरी पोचला. तेच द. वि. पलुस्कर. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. केवढा घाला! ज्यांनी त्याला वाढवले, त्यांनीच हेही पाहिले. पण विद्यालये चालू राहिली, परीक्षाही चालू राहिल्या.

इतके सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे शाळेला घर नव्हतेच. हे मित्रच तिचे घर झाले."

ती तंबोरा जुळवू लागली. मी टेबलाचा खण उघडला. एका कॉलेजमित्राचे पत्र दोन वर्षे तिथे उत्तराविना पडले होते. ते बाहेर काढले आणि लिहायला बसलो.