यादीवरून फोल्डर : विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची सोय

१९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आणि जातीचा दाखला आपल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा आधार बनला. आता शिष्यवृत्तीची कागदपत्रे संगणकावर ठेवावी लागतात. शंभर जणांची फोल्डर हाताने करताना एखादे नाव सुटते; एकाचा दाखला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये गेला तर अर्जाची मुदत टळू शकते.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये फोल्डर तयार करण्याची आज्ञा ‘एमडी’ ही दोन इंग्रजी अक्षरे होय. नोटपॅडमध्ये दर ओळीस ही आज्ञा, मोकळी जागा आणि दुहेरी अवतरणचिन्हांत तालुका, उलटी तिरकी रेघ व विद्यार्थ्याचे नाव इंग्रजी लिपीत लिहावे. चिन्हे विसरल्यास नाव व आडनावाची वेगवेगळी फोल्डर होतात. यादी एक्सेलमध्ये असल्यास सूत्राने सर्व ओळी एकदम तयार होतात. फाइलच्या नावाशेवटी टिंब व ‘बीएटी’ ही इंग्रजी अक्षरे द्यावीत, ‘ऑल फाइल्स’ निवडून ती हव्या त्या जागी जतन करावी आणि तिच्यावर दोनदा क्लिक करावे. अगोदरच्या फोल्डरमधील कागदांना धक्का लागत नाही.

मात्र यादी चोख हवी. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. यादीत दोन्ही नावे राहिल्यास एकाच तालुक्याची दोन फोल्डर होतील. उलट, एकाच नावाच्या दोघांना मिळून एकच फोल्डर मिळेल. म्हणून प्रत्येक नावापुढे अनुक्रमांक घालावा. संगणक यादी तपासत नाही. तरी फाइल चालविण्यापूर्वी दोघांनी मिळून यादी मोठ्याने वाचावी, अशी आमची विनंती आहे.