एक पोळी, दोन तवे

बालमित्रांनो, आधी एक सोपं गणित. एका तव्यावर एक पोळी भाजायला दोन मिनिटं लागतात. दोन तवे ठेवले तर दोन मिनिटांत किती पोळ्या होतील? दोन. शाब्बास! आता दुसरं गणित. पाहुणे ताटावर बसलेत, त्यांना एकच पोळी हवी आहे, पण एका मिनिटात. दोन तवे ठेवले तर जमेल का?

हसलात ना? एक पोळी दोन तव्यांवर कशी टाकणार! पण अगदी हेच कोडं गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याला पडलं होतं. फक्त त्याच्या कोड्यात पोळीच्या जागी चित्र होतं आणि तव्याच्या जागी ग्राफिक्स कार्ड.

भाचा दहावीत आहे. दोन दिवाळ्या त्यानं घरी आकाशकंदील बनवून विकले आणि नऊ हजार रुपये साठवले. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये २०१५ सालचं एक ग्राफिक्स कार्ड आहे, जीटीएक्स ९६०, २ जीबीचं. नवे खेळ त्यावर अडखळत चालतात. एका मित्राकडं तसंच दुसरं कार्ड पडून होतं आणि तो ते स्वस्तात द्यायला तयार होता. नवं कार्ड घ्यायचं तर पैसे पुरत नव्हते, आणखी एक दिवाळी थांबावं लागणार होतं. ताईचं म्हणणं, "स्वस्तात मिळतंय तर घे ना बाबा. नवं कशाला? काटकसर करावी माणसानं."

भाचा माझ्याकडं आला. "मावशी, तू सांग. एकाची दोन कार्डं झाली म्हणजे वेग दुप्पट, हो ना?"

मी म्हटलं, "थांब. दोन म्हणजे दुप्पट असं कुणी सांगितलं? आधी ते कार्ड काय काम करतं ते बघू."

पडद्यावर रंगकाम

तुमच्या घरातल्या टीव्हीचा किंवा कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळीच. पुष्कळ पडद्यांवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. करा गुणाकार. एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके! खेळात चित्र हलतं दिसायला हवं, म्हणून सेकंदाला ६० चित्रं काढायची. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके रंगवायचे. हे रंगकाम ग्राफिक्स कार्ड करतं. एवढं काम म्हटल्यावर दोघांत वाटून घ्यावं असं कुणालाही वाटणारच.

तसं ते वाटलंही गेलं. १९९८ साली थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीचं व्हूडू-२ हे कार्ड आलं. अशी दोन कार्डं एका केबलनं जोडता येत. मग एक कार्ड चित्राच्या विषम ओळी रंगवी आणि दुसरं सम ओळी. वहीचं एकच पान दोघांनी लिहायचं, एक ओळ तू, एक ओळ मी, तसं. या पद्धतीचं नाव एसएलआय. पुढं त्या कंपनीची मुख्य मालमत्ता एनव्हिडियानं विकत घेतली आणि २००४ मध्ये त्याच नावानं दोन कार्डं जोडायची सोय पुन्हा आणली. २००५ मध्ये एटीआय कंपनीनं आपली क्रॉसफायर पद्धत आणली.

या नव्या काळात मात्र वाटणी बदलली. आता बहुतेक खेळांत ओळी नव्हे, अख्खी चित्रं वाटली जाऊ लागली. पहिलं चित्र पहिल्या कार्डानं काढायचं, दुसरं दुसऱ्यानं, तिसरं पुन्हा पहिल्यानं. म्हणजे दोन तव्यांवर दोन पोळ्या! पोळ्यांची संख्या वाढली, पण एक पोळी भाजायला लागणारा वेळ कमी झाला नाही.

शिवाय आणखी एक गंमत. लेझीम खेळताना ठेका समान अंतरानं पडला तर पाय बरोबर पडतात. दोन ठोके पटापट पडले आणि मग मध्येच थांबले, असं झालं तर? ठोके तेवढेच, पण नाच बिघडतो. दोन कार्डांची चित्रं कधी कधी अशीच वेडीवाकडी येत. आकडा ६० दिसे, पण डोळ्यांना खेळ अडखळल्यासारखा वाटे.

चौथीच्या वर्गातला प्रयोग

भाच्याला हे पटत नव्हतं. म्हणून मी त्याला आमच्या वर्गात केलेला एक प्रयोग सांगितला. तुम्हीही करून पाहा.

दोन मुलांना मी वीस कोरी पानं दिली. विषम पानं एकानं काढायची, सम पानं दुसऱ्यानं. पहिल्या वेळी सांगितलं, प्रत्येक पानावर तुम्हाला आवडेल ते फळ काढा. दोघं मान खाली घालून कामाला लागले आणि एकट्याला लागला असता त्याच्या निम्म्या वेळात पानं भरली.

दुसऱ्या वेळी सांगितलं, जिन्यावरून उड्या मारत उतरणारा चेंडू काढा. पानं फडफडवली की चेंडू पळताना दिसला पाहिजे. आता काय झालं ठाऊक आहे? दुसऱ्या पानावर पेन्सिल टेकवताच तो मुलगा थांबला. "बाई, आधीच्या पानावर चेंडू कुठं होता ते बघितल्याशिवाय मी कसा काढू?" मग एक जण काढतोय, दुसरा वाट पाहतोय. दुसरा काढतोय, पहिला वाट पाहतोय! मुलं दोन, पण काम एकट्याच्याच वेगानं.

आलं ना लक्षात? अलीकडचे बरेच खेळ चेंडूच्या वहीसारखे आहेत. चित्राच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून ते आधीच्या चित्रातली माहिती पुढच्या चित्रात वापरतात. त्यामुळं चित्रं एकाआड एक वाटून घेणं अवघड होऊन बसलं. खेळ बनवणाऱ्यांनी दोन कार्डांसाठी वेगळी मेहनत घेणं हळूहळू सोडलं. खेळात तशी सोयच नसेल तर दुसरं कार्ड नुसतं बघत बसतं. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी एसएलआयच्या नव्या जुळण्या द्यायच्या नाहीत, असं एनव्हिडियानंही ठरवलं.

पुस्तकं दोन, धडे तेवढेच

भाचा म्हणाला, "बरं, पण मावशी, २ जीबी आणि २ जीबी मिळून ४ जीबी तरी होतील!"

मी विचारलं, "दोन मुलं दोन खोल्यांत बसून एकाच पुस्तकातले धडे लिहून काढणार आहेत. पुस्तकं किती लागतील?"

"दोन."

"मग धडे दुप्पट झाले का?"

तो गप्प बसला. खेळातली झाडं, भिंती, रस्ते यांची सगळी चित्रं दोन्ही कार्डांना आपापल्या जवळ ठेवावी लागतात. म्हणून खेळासाठी २ आणि २ मिळून २ च!

मग आम्ही कागद घेतला आणि वीज मोजली. जीटीएक्स ९६० ला सुमारे १२० वॉट लागतात. दोन कार्डांना २४०. त्याच्या मनात भरलेलं नवं कार्ड होतं आरटीएक्स ३०५०, २०२२ सालचं, ८ जीबीचं. त्याला १३० वॉट. फरक ११० वॉटचा. रोज दोन तास पूर्ण जोरात चालवलं तर महिन्याला साडेसहा युनिटांहून थोडी जास्त वीज केवळ त्या फरकाची. शिवाय तेवढी जादा उष्णता त्या डब्यात साठणार. आणि २४० वॉट पुरवायला पॉवर सप्लाय तगडा हवा, मदरबोर्डावर दोन लांब स्लॉट हवेत, दोन कार्डं जोडणारा पूल हवा. स्वस्त म्हणून आणलेल्या कार्डाच्या मागून खर्चाची अशी वरात येते.

मग दुसरं कार्ड नेहमीच फुकट का?

छे! तसं म्हणाल तर तेही चूक. फळांची वही आठवा. जिथं प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो, तिथं दोन काय, चार हातही कामी येतात. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमिती चित्रं तयार करतात. तिथं दोन कार्डं एकाच चित्राचं काम वाटून घेतात आणि वेळ खरोखर वाचतो. मात्र तिथंही चित्राचं सगळं सामान प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं.

म्हणून पालकांनो, मुलानं अशी मागणी केली तर किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. काम कोणतं आहे, फळांच्या वहीचं की चेंडूच्या वहीचं? त्या कामात दोन कार्डांची सोय आहे का? आणि वीज, जागा, हवा यांचा हिशेब मांडला का? नवं कार्ड घेतानाही पॉवर सप्लाय पुरेसा आहे का आणि कार्डाला लागणारी पिनांची वायर त्यात आहे का, ते बघावंच लागतं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, उरलेली वीज त्या वायरीतून येते.

ताईला मी म्हटलं, "ताई, काटकसर म्हणजे स्वस्त वस्तू घेणं नव्हे, नको ती वस्तू न घेणं." ती हसली. पण भाचा काही हसला नाही. त्याला वर्षभर थांबायचं होतं. दहावीतल्या मुलाला वर्ष म्हणजे किती मोठं, ते तुम्हीच जाणता.

मग त्याला एक बिनपैशाचा उपाय सुचवला. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १२८० गुणिले ७२० करायचं. करा बरं गुणाकार! ९ लाख २१ हजार ६०० ठिपके, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी काम. झाडांची, भिंतींची चित्रंही जरा साधी ठेवायची. कॉम्प्युटर बंद करून, पिन काढून पंख्यांवरची धूळ पुसायची. त्यानं तसं केलं. चित्र थोडं धूसर झालं, पण त्याचे जुने आवडते खेळ पुन्हा पळू लागले.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. म्हणाली, "अगं, घरभर कागद आणि डिंक! दिवाळीला इतका अवकाश आहे, तरी हा आत्तापासून कंदील करत बसलाय."

मी विचारलं, "एकटाच?"

"नाही ना! मित्राला बसवलंय. एक जण काड्या बांधतो, दुसरा कागद चिकटवतो."

"म्हणजे वाटणी कुठं करायची ते त्याला कळलं म्हणायचं!" मी म्हटलं.

काय मित्रांनो, तुम्हीही काढाल ना ती चेंडूची वही? आधी एकट्यानं काढा, मग मित्राबरोबर, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा.