चोवीस रंगांचा सेट नको, पाच बाटल्या पुरे. घरच्या घरी ॲक्रिलिक पेंटिंग असं करा सुरू

मोबाईलवर रील बघायची, हौसेने चोवीस रंगांचा सेट, कॅनव्हास, स्टँड सगळं ऑनलाइन मागवायचं आणि पंधरा दिवसांत ते माळ्यावर टाकायचं, असं बऱ्याच घरांत झालेलं आहे. पैसे जातातच, वर ‘आपल्याला हे जमत नाही’ असा समज पक्का होतो. खरं तर बहुतेक वेळा चूक हाताची नसते. हा रंग वागतो कसा, हेच आधी कुणी सांगितलेलं नसतं.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो डब्यातला ऑइल पेंट; त्याला टर्पेंटाइन लागतं. शाळेतला पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने निघतो. ॲक्रिलिक या दोघांच्या मधला. ओला असेपर्यंत पाण्यात मिसळतो, पण वाळला की त्याचं प्लास्टिकसारखं पापुद्र्याचं थर बनतं आणि मग पाणी त्याचं काही करू शकत नाही. साडीवर, उशीच्या अभ्र्यावर फॅब्रिक पेंटिंगला वापरतात त्या छोट्या बाटल्यांवर नीट वाचलं तर बहुतेक वेळा ‘ॲक्रिलिक’ असंच लिहिलेलं असतं. म्हणजे कित्येक घरांत हा रंग आधीच आहे.

सुरुवातीला लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा एवढेच रंग घ्यावेत. पांढरा सगळ्यात जास्त लागतो, त्याची बाटली मोठी घ्यावी. एक बारीक, एक मध्यम गोल आणि एक चपटा असे तीन नायलॉनचे ब्रश. लहान बाटल्या घेतल्या तर तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात हे साधारण तीनशे-चारशे रुपयांत बसतं. बाकीचे रंग घरी तयार होतात. निळ्यात पिवळा घातला की हिरवा. पिवळ्यात किंचित काळा घातला की शेतातल्या पानांसारखा मळकट हिरवा, जो सेटमधल्या भडक हिरव्यापेक्षा खरा दिसतो. आभाळासाठी पांढऱ्यात थेंबभर निळा टाकावा. उलट, निळ्यात पांढरा ओतत बसलं तर अर्धी बाटली संपते.

कॅनव्हास तर लगेच नकोच. जाड पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू, प्लायचा तुकडा, सगळं चालतं. घर रंगवून उरलेल्या पांढऱ्या प्लास्टिक पेंटचे दोन हात आधी दिले की पुठ्ठा रंग पीत नाही. ऑइल पेंट दिलेल्या गुळगुळीत भागावर मात्र ॲक्रिलिक धरत नाही, पापडासारखं सुटतं.

खरी अडचण वाळण्याची. पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत सुकतो. एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली तर त्याहून लवकर. व्हिडिओ लावून, थांबवत-थांबवत चित्र काढणाऱ्यांचा रंग ताटलीतच वाळून जातो. म्हणून व्हिडिओ आधी पूर्ण बघावा, मगच रंग काढावा, तोही चण्याएवढा. झाकणाच्या डब्यात ओलं फडकं अंथरून वर बटर पेपर ठेवला आणि त्यावर रंग काढले, तर झाकण लावल्यावर दुसऱ्या दिवशीही ते ओले राहतात. ब्रश वाळू देऊ नये. एकदा मुळाशी रंग सुकला की तो ब्रश गेलाच. पाण्याच्या पेल्यात उभाही ठेवू नये, केस वाकतात.

याच लवकर वाळण्याचा फायदाही आहे. चुकलं तर वाळू द्यायचं आणि वरून दुसरा थर मारायचा. खोडरबर नाही, नवा कागद नाही.

पहिलं चित्र कोणतं काढावं? वारली. पालघर भागात गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने काढली जाणारी ही चित्रं त्रिकोण, गोल आणि रेघांवर उभी असतात. २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदा-कापडावर आणून जगभर नेली. घरी लाल, पिवळा आणि किंचित काळा मिसळून गेरूसारखा रंग करावा, पुठ्ठ्यावर मारून पूर्ण वाळू द्यावा आणि वर पांढऱ्याने काढावं. तारप्याभोवतीचा नाच पहिल्याच दिवशी जमेल असं नाही. झाड, झोपडी, बैलजोडी जमते.

ब्रश धुण्याआधी फडक्याने पुसून घ्यावा. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नये, शेवटी ते प्लास्टिकच. जेवणाच्या भांड्यांना आतून हा रंग लावू नये. आणि हौसेपोटी पाण्याचा माठ रंगवायला घेऊ नये. बाहेरची छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. नक्षी हवीच असेल तर फुटका, गळका माठ घ्यावा.