सिरीयल लाईन इंटरनेट प्रोटोकॉल

सिरीयल लाईन इंटरनेट प्रोटोकॉल (संक्षेपाने स्लिप) ही इंटरनेटची माहिती-पाकिटे सिरीयल तारेवरून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवरून, वाहून नेण्याची पद्धत आहे. रिक ॲडम्स यांनी १९८४ मध्ये बर्कली युनिक्ससाठी ती अमलात आणली. जून १९८८ मध्ये आरएफसी १०५५ या दस्तऐवजात तिची नोंद झाली. त्याच्या शीर्षकातच तिला ‘अप्रमाणित’ म्हटले आहे. असा प्रामाणिकपणा विरळाच.

उपयोग

टर्मिनल सर्व्हर हे उपकरण अनेक टर्मिनले एकत्र आणून नेटवर्कशी जोडते. जाड इथरनेट केबलच्या एका खंडाची मर्यादा ५०० मीटर होती. सर्व्हर दूरच्या शाखेत असल्यास त्याचे एक सिरीयल पोर्ट मोडेमला जोडून दूरध्वनीच्या तारेने मुख्य नेटवर्क गाठले जाई. एकाच तारेवर सर्व टर्मिनलांचे काम चाले.

रचना

प्रत्येक पाकिटाच्या अखेरीस १९२ हा बाइट येतो. तोच मजकुरात आल्यास त्याऐवजी २१९ व २२० ही जोडी, आणि २१९ आल्यास २१९ व २२१ ही जोडी पाठवतात. याहून अधिक काही नाही. त्रुटी ओळखण्याची सोय नाही. दोन्ही टोकांना परस्परांचे पत्ते आधीच ठाऊक असावे लागतात.

मर्यादा

टेलनेटमध्ये दाबलेल्या एका अक्षरामागे ४० बाइटांचे शीर्ष जाते. २४०० बिट प्रतिसेकंद वेगाने हे ४१ बाइट जाण्यास सुमारे ०.१७ सेकंद लागतात आणि अक्षर पडद्यावर उमटण्यासाठी तितकाच काळ परतीचा. मधे कोणी फाइल पाठवू लागले, तर टंकणाऱ्याला खोळंबून राहावे लागे. व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये (आरएफसी ११४४) हे शीर्ष बहुधा तीन ते पाच बाइटांवर आणले.

दुसरी अडचण फसवी होती. मोडेम व सर्व्हर यांच्यात ‘थांब’ आणि ‘चालू कर’ या अर्थाची अक्षरे (१९ व १७) वापरण्याची पद्धत ठेवल्यास, पाकिटातील तेच बाइट आज्ञा समजले जात आणि जोडणी विनाकारण गोठे. म्हणून हे नियंत्रण स्वतंत्र तारांवरूनच करावे लागे.

पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉलने (आरएफसी १६६१, जुलै १९९४) त्रुटी-तपासणी, पत्त्यांची देवाणघेवाण व ओळख पटवण्याची सोय आणल्यावर स्लिप मागे पडली. इएसपी३२ या सूक्ष्मनियंत्रकात प्रोग्राम भरताना मात्र तिचीच चौकट आजही वापरली जाते.