चिंचवडच्या गच्चीवरून विमानं बघताय? मग 'व्ही-वन' काय असतो ते वाचा

पिंपरी-चिंचवडकरांना विमान बघायला विमानतळावर जावं लागत नाही, गच्चीवर गेलं की झालं. बहुतेक जण वर बघतात आणि विसरतात. काही मात्र कंपनी, मॉडेल आणि शेपटीजवळचा 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वहीत टिपून ठेवतात. या छंदाला म्हणतात प्लेन स्पॉटिंग.

विमानं आपल्याच डोक्यावरून का?

लोहगावच्या धावपट्टीचं नाव १०-२८. म्हणजे तिची टोकं होकायंत्रावर साधारण १०० आणि २८० अंशांकडे आहेत, जवळजवळ पूर्व-पश्चिम. ही रेषा पश्चिमेला वाढवत नेली की ती कासारवाडी, पिंपळे सौदागरच्या बाजूने जाते. चिंचवड तिथून जवळच.

विमान उडताना आणि उतरतानाही शक्यतो वाऱ्याला तोंड देतं. त्यामुळे पश्चिमेचा वारा असला की उड्डाणं शहराच्या दिशेने होतात, पूर्वेचा असला की विमानं शहरावरून उतरतात. गच्चीवरून चाकं खाली सोडलेलं विमान दिसलं, तर वारा कुठला ते हवामान खात्याला विचारायची गरज नाही!

आवाज ऐकून वर बघावं तर विमान तिथे नसतं, हाही नेहमीचा अनुभव. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. किलोमीटरभर उंचीवरून तो खाली पोचायला तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान दोन-तीनशे मीटर पुढे सरकलेलं असतं.

१५ फेब्रुवारी २०२०

पुण्यातल्या सगळ्यात थरारक उड्डाणांपैकी एक या दिवशी झालं. एअर इंडियाचं दिल्लीला निघालेलं एअरबस ए३२१ धावपट्टीवर सुमारे १२० नॉट, म्हणजे ताशी २२० किलोमीटरच्या वेगात होतं. तेव्हा वैमानिकांना समोर एक जीप आणि एक माणूस दिसला.

अशा वेळी काय करायचं? प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक तीन वेग काढून ठेवतात. पहिला 'व्ही-वन'. इथपर्यंत काही बिघडलं तर ब्रेक मारून उरलेल्या धावपट्टीत थांबता येतं. तो ओलांडला की इंजिन बंद पडलं तरी उडायचंच. दुसरा 'व्ही-आर', ज्याला नाक वर उचलायचं. तिसरा 'व्ही-टू', एक इंजिन गेलं तरी सुरक्षित चढता येईल असा वेग. हे आकडे दर वेळी बदलतात, कारण ते वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीवर ठरतात. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९० मीटरच्या आसपास उंच आहे आणि धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर. एप्रिलच्या दुपारी हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि तेच विमान जास्त लांब धावतं.

पण या गणितात उरलेली धावपट्टी मोकळी आहे असं धरलेलं असतं. समोर उभी असलेली जीप त्यात बसत नाही. वैमानिकांनी ठरल्या वेळेआधीच नाक उचललं. कमी वेगात नाक उचललं की विमान लगेच जमीन सोडत नाही, शेपूट मात्र खाली झुकते. ए३२१ तर साडेचव्वेचाळीस मीटर लांब. शेपटीकडचा भाग धावपट्टीला घासला, पण टक्कर टळली. विमान दिल्लीत सुखरूप उतरलं आणि मागच्या भागावर घासल्याच्या खुणा सापडल्या. त्या काही क्षणांत कुणी ब्रेक दाबला असता तर काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

फोटो काढावा का?

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, १९३९ पासूनचा. नागरी विमानं तिथलीच धावपट्टी वापरतात. २७ सप्टेंबर २००२ रोजी सुखोई-३० एमकेआय विमानं हवाई दलात दाखल झाली तीही इथेच. सुखोई आफ्टरबर्नर लावून उडतं, म्हणजे इंजिनाच्या मागे पुन्हा इंधन पेटवलं जातं. रात्री दिसणारी नारिंगी ज्योत तीच, आणि खिडक्यांची तावदानं थरथरतात तीही त्यामुळेच.

त्यामुळे कॅमेरा सांभाळून. १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो, आणि लष्करी तळाच्या कुंपणापाशी लेन्स रोखणं तर विचारूच नका. ग्रीसमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच स्पॉटर हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले. विमानांचे क्रमांक टिपून कुणाला काय मिळतं, हे तिथल्या यंत्रणांना पटेना. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे सुटले. दिल्लीतही २०१० मध्ये विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानं टिपणाऱ्या दोन ब्रिटिशांना अटक झाली होती.

घरच्या गच्चीवर मोबाईलमधलं फ्लाइटरडार२४ पुरेसं आहे. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची आणि वेग सतत प्रसारित करत असतात. हौशी लोकांनी घरी बसवलेले छोटे रिसीव्हर ते पकडतात आणि ॲपवर चित्र उमटतं. सुखोई मात्र तिथे शोधत बसू नका. लढाऊ विमानं सहसा आपला ठावठिकाणा असा जाहीर करत नाहीत.