जंगलाची पेरणी कोण करतं?

मंडळी, शेतात पेरणी आपण करतो. जंगलात कोण करतं? आज एकच उदाहरण घेऊ: सह्याद्रीतलं रानजायफळ आणि धनेश पक्षी.

रानजायफळ पिकलं की उकलतं. आत तांबडी जायपत्री आणि तिच्यात मोठं, जड बी. ते वाऱ्याने उडत नाही, झाडाखालीच पडतं. आणि तीच जागा वाईट. सावली दाट, शिवाय त्याच झाडाच्या बियांवर टपलेले किडे, उंदीर, बुरशी तिथेच जमलेले. जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे हाच विचार मांडला: मूळ झाडापासून लांब पडलेलं बी जगण्याची शक्यता जास्त.

मग लांब नेणार कोण? धनेश. तो फळ चोचीच्या टोकात धरतो, मागे उडवतो आणि गिळून टाकतो. जायपत्री पचते, बी तसंच्या तसं तोंडावाटे बाहेर. तोवर स्वारी दुसऱ्याच झाडावर गेलेली असते. वड-उंबराच्या बारीक बिया मात्र विष्ठेतून पडतात.

विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. त्यामुळे ढोलीखाली बियांचा खच पडतो. पण तिथे रोपांची इतकी दाटी होते की बरीचशी मरतात. खरी विखुरलेली पेरणी होते ती पक्षी रानभर हिंडतात तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, फळं तर बुलबुलही खातो. खातो ना, पण छोटी. एवढं मोठं बी त्याच्या चोचीत मावणार कसं? मोठ्या बियांना गिऱ्हाईकं थोडीच: धनेश, रानातली मोठी कबुतरं, असे मोजके.

आणि धनेशाला ढोली लागते ती जुन्या, जाडजूड झाडातच. 'पोकळ झालंय, काय कामाचं?' म्हणून आपण नेमकं तेच झाड तोडतो. जंगल लगेच ओसाड होत नाही, हीच फसगत आहे. उभी झाडं अनेक वर्षं हिरवी दिसतात. त्यांच्या जागी येणारी रोपं मात्र कमी होत जातात.

म्हणून देवराईत गेलात की उंच झाडं बघाच, पण खालीही बघा. त्याच झाडांची लहान रोपं इकडेतिकडे दिसली, तर समजा, पेरणी चालू आहे.